धारवाडचा प्लॉट आणि ‘जमीन बुडत नाही’ हा भ्रम

‘जमीन कधी बुडत नाही’ हे वाक्य हुबळी-धारवाडात प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडते. एजंट ते म्हणतो, घरातली वडीलधारी म्हणतात, आणि कोल्हापूर-पुण्याहून पैसे पाठवणारा मराठी गुंतवणूकदार त्यावर विसंबून संचकार देऊन मोकळा होतो. माझे या वाक्याशी भांडण आहे. त्याच्या भरवशावर माणसे आयुष्यभराची पुंजी कागद न वाचता दुसऱ्याच्या हाती देतात.

असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा विकासाचा. आयआयटी आली, इन्फोसिस आली, चिगरी ही जलद बससेवा धावू लागली, म्हणजे भाव वाढणारच! आता तारखा पाहा. आयआयटी 2016 मध्ये वाल्मी या जल व भू-व्यवस्थापन संस्थेच्या आवारात सुरू झाली. चिक्कमल्लिगवाडच्या कायम संकुलाचे उद्घाटन झाले 12 मार्च 2023 रोजी. पहिल्या घोषणेला भुलून कर्ज काढणाऱ्याने मधली सात वर्षे व्याज भरले. शिवाय ही निवासी संस्था. मुले वसतिगृहात राहतात. मग कुंपणापलीकडच्या माळावरच्या साईटला भाडेकरू कुठून येणार? ‘बारा वर्षांत दुप्पट झाले’ हेही अभिमानाने सांगितले जाते. बारा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे सहा टक्के. त्यातून मुद्रांक, नोंदणी, दलाली आणि कर वजा करा. बँकेतल्या साध्या ठेवीपुढे ही कमाई फारशी मिरवण्यासारखी राहत नाही.

पण भावाचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरा धोका ‘आधी घेऊन ठेवा, कागद मागाहून होतील’ या सल्ल्यात आहे. शहराच्या कडेला शेतात दगड रोवून, तांबडी माती पसरून ‘थर्टी-फॉर्टी’ साईटी विकल्या जातात. जमीन बिनशेती झालेली नसते, ले-आउटला मंजुरी नसते, हातात पडते ते वटमुखत्यारपत्र. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ सांगितले आहे की अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीपत्रच हवे. ऑक्टोबर 2024 पासून कर्नाटकात ई-खाता, म्हणजे मिळकतीचा डिजिटल उतारा, असल्याशिवाय शहरी मिळकतीची नोंदणी होत नाही. म्हणजे मागाहून होणारे कागद आता होणेच कठीण. ‘बी-खाता (अनधिकृत मिळकतींचा वेगळा उतारा) तर मिळतोय ना?’ असे विचारणाऱ्यांना सांगतो: बी-खात्याने कर भरण्याची सोय होते, बेकायदा ले-आउट कायदेशीर होत नाही.

त्याहून खोल गुंतागुंत मालकाच्या घरात असते. कर्नाटकाने 1994 मध्येच राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. 2005 ची केंद्राची दुरुस्ती आणि 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी तो देशभर पक्का केला. तरीही खरेदीपत्रावर तिघा भावांच्या सह्या असतात आणि बहिणींचे नावही नसते. त्या दाव्याला उभ्या राहिल्या तर चूक त्यांची नव्हे, त्यांना न विचारता विकत घेणाऱ्याची. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींचेही तेच. शासनाच्या परवानगीवाचून झालेली त्यांची विक्री 1978 च्या कायद्याने रद्द ठरते, आणि 2023 च्या दुरुस्तीने त्यासाठीची कालमर्यादाही काढून टाकली. हे कायदे न्याय्य आहेत. घेणाऱ्याने ते ओळखून वागावे.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. पहाणी (सातबाऱ्यासारखा उतारा), फेरफार, ई.सी. (बोजा दाखला) हे सगळे कागद कानडीत. एजंट बोटाने ओळ दाखवतो, तोंडाने मराठीत अर्थ सांगतो, आणि आपण मान डोलावतो. विकणाऱ्याच्या माणसाकडूनच त्याच्या कागदाचा अर्थ ऐकणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

बांधलेले घेतले की निश्चिंती, हेही खरे नाही. 19 मार्च 2019 रोजी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली व्यापारी इमारत कोसळली आणि 19 माणसे गेली. बांधकाम परवाना आणि अभियंत्याचा दाखला मागणाऱ्याला यापुढे कुणी शंकेखोर म्हणू नये.

‘एवढी छाननी करत बसलो तर जागा हातची जाईल’ हा शेवटचा आक्षेप. जाऊ द्या. जी जागा आठवडाभराची तपासणी सोसत नाही, ती घेण्याजोगी नव्हतीच.

जुळ्या शहरांत गुंतवणूक करूच नये, असे मी म्हणत नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, कर्नाटक विद्यापीठ, सप्तापुरात स्पर्धापरीक्षांसाठी येणारी मुले यांमुळे धारवाडच्या वसलेल्या भागात भाड्याची मागणी खरी आहे. तिथले मंजूर ले-आउटमधले छोटे जुने घर मी माळावरच्या दोन साईटींपेक्षा केव्हाही पसंत करीन. 500 चौरस मीटरहून मोठा नवा प्रकल्प असेल तर रेरा या स्थावर मिळकत नियामकाकडचा नोंदणी क्रमांक स्वतः पडताळा. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा विकासकाला अधिकार नाही. आणि संचकार देण्याआधी कानडी वाचणारा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला वकील गाठा, तीस वर्षांची ई.सी. काढा आणि त्या घरच्या मुलींच्या सह्या कुठे आहेत ते विचारा.