फोटोवरचा हात

पांढऱ्या पृष्ठभागावर एक हात घरातला जुना फोटो आणून ठेवतो. बोटांनी जरासा सरळ करतो. कॅमेरा वरून नुसता बघत राहतो. माहितीपटात जुना फोटो आला की कॅमेरा त्यावरून फिरवायचा आणि मागे करुण सूर लावायचा, ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. यान्स फोर्ड यांनी ‘स्ट्राँग आयलंड’मध्ये ती मोडली. घरात अल्बम काढून बसल्यावर आपण फोटो जसा बघतो, तसा त्यांनी तो दाखवला.

२०१८ साली या माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. आपली ट्रान्सजेंडर ओळख उघडपणे सांगणाऱ्या दिग्दर्शकाला ते प्रथमच मिळत होतं. ऑस्कर ‘इकॅरस’ला गेलं, पण त्याच वर्षी ‘स्ट्राँग आयलंड’ने एमी पुरस्कार पटकावला. हे पहिलेपण मोठं आहेच. तरी बहुतेक बातम्या तेवढं सांगून थांबल्या, याचं मला वाईट वाटतं. माझ्या मते गेल्या दहा-बारा वर्षांत इतका संयमी आणि इतका धीट माहितीपट क्वचितच झाला असेल.

गोष्ट फोर्ड यांच्या घरचीच आहे. आईवडील दक्षिणेतल्या चार्ल्सटनहून न्यूयॉर्कला आले आणि पुढे लाँग आयलंडवर घर केलं. आई शिक्षिका. १९९२च्या एप्रिलमध्ये थोरला भाऊ विल्यम गॅरेजवर गेला. दुरुस्तीला टाकलेल्या गाडीवरून आधीच वाद झाला होता. तिथल्या तरुण गोऱ्या मेकॅनिकने त्याच्यावर गोळी झाडली. विल्यम २४ वर्षांचा होता आणि निःशस्त्र होता. खटला उभा राहावा की नाही, हे तिथे ग्रँड ज्युरी, म्हणजे नागरिकांची एक समिती, बंद दाराआड ठरवते. या समितीत सगळे गोरे होते. मेकॅनिकने स्वसंरक्षणाचं कारण दिलं आणि खटला उभाच राहिला नाही.

त्याआधी काही काळ, एका सरकारी वकिलावर गोळी झाडणाऱ्या माणसाचा पाठलाग करून त्याला पकडून देण्यात याच विल्यमने मदत केली होती. त्याच्या वेळी कायदा असा हात आखडून बसला.

मुलाच्या मृत्यूनंतर वडील खचले, आणि त्या घराने त्याविषयी बोलणंच सोडलं. फोर्ड यांना हा माहितीपट करायला जवळपास दहा वर्षं लागली. ते कॅमेऱ्याच्या इतके जवळ बसतात की पडदाभर फक्त चेहरा दिसतो. सुरुवातीलाच ते प्रेक्षकाला बजावतात की माझे प्रश्न ऐकवत नसतील तर उठून जा. ट्रान्स माणसाला आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. इथे प्रश्न त्याने विचारले आहेत आणि खुलासा बघणाऱ्यांनी करायचा आहे. ‘पहिले’ या शब्दाचा खरा अर्थ मला इथे सापडतो.

मराठीत लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. इंग्रजीत क्रियापदावरून माणूस पुरुष की बाई ते कळत नाही. आपल्याकडे ‘म्हणाले’ लिहायचं की ‘म्हणाल्या’, हे भूतकाळात शिरताक्षणी ठरवावं लागतं. फोर्ड स्वतःसाठी पुरुषी सर्वनाम वापरतात. म्हणून ‘फोर्ड म्हणाले’ असंच लिहायचं. आपल्या वर्तमानपत्रांतून अजूनही एकाच बातमीत दोन्ही रूपं दिसतात, आणि ते चुकीचं आहे. ज्याचं त्याने सांगितलेलं क्रियापद वापरायला कुठलाही खर्च येत नाही.

स्वतःचा माहितीपट पुरा करण्याआधी फोर्ड यांनी अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या ‘पीओव्ही’ या मालिकेत दहाएक वर्षं काम केलं, म्हणजे दुसऱ्यांचे माहितीपट लोकांपर्यंत पोचवले. मला वाटतं, काय वगळायचं हे त्यांना तिथेच उमगलं असावं. २०२४मध्ये त्यांचा ‘पॉवर’ आला. अमेरिकी पोलिसांचा इतिहास ते त्यात गुलामांना पकडणाऱ्या टोळ्या, मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावणं आणि संपकऱ्यांना झोडपणं इथपर्यंत मागे नेतात. विषय अफाट मोठा असल्याने घरच्या गोष्टीची धग त्याला नाही. पण विल्यमच्या बाबतीत जे झालं ते कुठल्या यंत्रणेतून आलं, याचा शोध सोडायला ते तयार नाहीत, हे कळतं.

मला मात्र पुन्हापुन्हा आठवते ती आई, बार्बरा डनमोर फोर्ड. माणसाचा रंग पाहू नका, स्वभाव पाहा, असं तिने मुलांना शिकवलं. पडद्यावर ती स्वयंपाकघरात बसून विचारते, मी चुकले का? माहितीपट पूर्ण होण्याआधीच ती गेली. ग्रँड ज्युरीसमोर आपण बोलत होतो तेव्हा समोरच्यांचं लक्षच नव्हतं, असं ती सांगते.

‘स्ट्राँग आयलंड’ नेटफ्लिक्सवर आला आहे. बघायला बसाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि ती बोलत असेपर्यंत उठू नका.