आकाशातून पडलेल्याचा पंचनामा

आठवड्याचं आकाश | वर्धेकर

भारताचं अंतराळ स्थानक २०३५पर्यंत, चंद्रावर भारतीय माणूस २०४०पर्यंत. वेळापत्रक ठरलं, आनंदच आहे. पण वर जाणारं वाढलं की खाली येणारंही वाढणार. त्याची जबाबदारी कोणाच्या टेबलावर?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जळते गोळे रांगेनं विदर्भाच्या आकाशातून गेले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं. खरं तर वेगावरूनच ओळखता येतं. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरनं येते आणि बहुधा क्षणात विझते. माणसानं सोडलेलं भंगार सहसा आठाच्या आत असतं, त्यामुळे ते रेंगाळत, तुकडे होत जातं.

वर्ध्याशेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत मात्र तर्क लढवायची गरजच उरली नाही. गावजेवणाची तयारी चालली होती आणि मोकळ्या जागेवर धातूचं कडं दाणकन आदळलं. दोन-तीन मीटर व्यास, वजन ४० किलोच्या वर. माणसं घाबरून घरात शिरली. पुढे आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. कडं गेलं पोलीस ठाण्यात. दुसरीकडे नेणार कुठे?

तेव्हा अमेरिकेत असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हा फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा होता. उपग्रह उंच कक्षेत सोडला की असा रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहतो. कक्षेचं खालचं टोक हवेला घासतं, दर फेरीला वेग थोडा मरतो आणि कधीतरी टप्पा कोसळतो. बरंचसं वरच जळतं. इंधनाच्या दाबाच्या टाक्यांसारखे चिवट भाग जमिनीपर्यंत पोचतात. नेमके कुठे, हे आधी सांगणं जवळपास अशक्य. सेकंदाला सात किलोमीटर वेगाला वर्धा ते सिंदेवाही हा जेमतेम पाव मिनिटाचा रस्ता. तेवढा फरक पडला असता तर ते कडं आपल्या बजाज चौकात आलं असतं.

कायदा कागदावर शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई अग्निबाण सोडणाऱ्या देशानं द्यायची. चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. १९७८मध्ये सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात पडला. कॅनडानं ६० लाख डॉलर मागितले, हाती आले ३० लाख. म्हणजे देशाला देशाकडून वसुली करतानाही निम्म्यावर तडजोड. मग गोठा मोडलेल्या माणसानं दाद कुठे मागायची? या करारात दावा सरकारनंच, तोही राजनैतिक मार्गानं करायचा असतो. म्हणजे त्याचा अर्ज तलाठ्याकडून दिल्लीला आणि तिथून बीजिंगला. आपल्या अंतराळ कायद्याचा मसुदा २०१७ साली आला, धोरण २०२३ साली आलं. कायद्याची वाट बघणं चालूच आहे.

चीनला नावं ठेवून मोकळं होता येत नाही. जुलै २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड किनाऱ्यावर भलंमोठं पिंप लागलं, ते आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाचं निघालं. तिथल्या यंत्रणेनं लोकांना बजावलं होतं: हात लावू नका, हलवू नका. इस्रोनं २०३०पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं जाहीर केलं आहे, ते चांगलंच. पण दुसऱ्यांचा कचरा आपल्या शिवारात पडायचा थांबणार नाही.

म्हणून एक मागणी आहे, ती अंतराळाएवढी मोठी नाही. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन असतं, तेव्हा वस्तूपासून लांब राहायचं, गर्दी हटवायची, जागच्या जागी फोटो काढायचा, कोणत्या नंबरला कळवायचं आणि नुकसानीचा पंचनामा कसा लिहायचा, एवढं एका पानावर मराठीत छापून गावोगावच्या पोलीस पाटलाच्या हाती द्या. वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयानं समुद्रपूर आणि हिंगणघाटपासून सुरुवात करावी. चंद्रपूरला लागून असलेले तालुके तेच.