विश्लेषण : गेमिंग पीसी ‘वॉटर-कूल्ड’ करायचा? आधी खोलीच्या तापमानाचा हिशोब करा!

काचेचे कॅबिनेट, त्यात काटकोनात वळवलेल्या पारदर्शक नळ्या आणि रंगीत दिव्यांच्या उजेडात फिरणारे पाणी. ‘कस्टम वॉटर-कूल्ड’ गेमिंग पीसीच्या अशा व्हिडीओंची अनेक गेमरना भुरळ पडते. मात्र यातील बरेचसे व्हिडीओ अमेरिका-युरोपातील असतात. तिथे खोलीचे तापमान २०-२२ अंश सेल्सिअस गृहीत धरलेले असते. मे महिन्यातील नागपूर किंवा जूनमधील मुंबई त्या हिशोबात बसत नाही. लाखो रुपये खर्चून असा पीसी उभारायचा असेल, तर नियोजनाची सुरुवात नळ्यांच्या रंगापासून न करता उष्णतेच्या आकडेमोडीपासून का करावी लागते?

पाण्यानेच थंड का करायचे?

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णतेत बदलते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड २०२२ मध्ये आले, तेव्हा त्याची वीजमर्यादा ४५० वॉट होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९०साठी ती ५७५ वॉटवर गेली. एवढी उष्णता तळहातापेक्षाही लहान चिपमधून बाहेर काढावी लागते.

पाणी या कामात हवेपेक्षा सरस ठरते. पाण्याचे तापमान एक अंशाने वाढायला लागणारी उष्णता तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या साधारण साडेतीन हजार पट असते. त्यामुळे बारीक नळीतून वाहणारे थोडेसे पाणीही मोठी उष्णता वाहून नेते. ही कल्पना गेमरची नाही. ॲपलने २००४ मध्ये ‘पॉवर मॅक जी५’च्या वरच्या मॉडेलमध्ये द्रवाने थंड करण्याची यंत्रणा दिली होती. पुण्यातील ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही प्रोसेसरपर्यंत द्रव पोहोचवून तो थंड ठेवला जातो.

‘कस्टम लूप’मध्ये नेमके काय असते?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचे वॉटर ब्लॉक बसवतात. पंप त्यातून पाणी फिरवतो. गरम झालेले पाणी रेडिएटरमध्ये जाते, तिथे पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात आणि पाणी पुन्हा ब्लॉककडे येते. सोबत पाणी भरायला आणि हवेचे बुडबुडे निघून जायला एक टाकी असते. मोटारीच्या इंजिनाची कूलिंग यंत्रणा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना लगेच कळेल.

बाजारात तयार मिळणाऱ्या ‘ऑल-इन-वन’ कूलरचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच, की तो कारखान्यात भरून बंद केलेला असतो आणि बहुतेक वेळा फक्त प्रोसेसर थंड करतो. कस्टम लूपमध्ये प्रत्येक भाग स्वतंत्र निवडावा, जोडावा आणि सांभाळावा लागतो.

खोलीचे तापमान इतके महत्त्वाचे का?

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती चिपपासून रेडिएटरपर्यंत नेते. तिथून ती खोलीतील हवेतच जाते. त्यामुळे साध्या लूपमधील पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. ते नेहमी काही अंश वरच राहते. ते किती वर राहणार, हे रेडिएटरचा आकार आणि पंख्यांचा वेग यांवर ठरते.

या क्षेत्रात एक ढोबळ नियम वापरला जातो. पंखे मध्यम वेगाने फिरत असतील आणि पाणी खोलीच्या हवेपेक्षा १० अंश गरम चालणार असेल, तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण. आरटीएक्स ५०९०चे ५७५ वॉट आणि एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसरचे सुमारे १०० ते १२५ वॉट धरले, तर एकूण ७०० वॉट होतात. ३६० मिलिमीटरचा एकच रेडिएटर, म्हणजे तीन पंखे लावले, तर पाणी खोलीपेक्षा सुमारे २३ अंश वर जाईल. असे दोन रेडिएटर लावले, तर हा फरक १२ अंशांच्या आसपास येईल.

खोली २२ अंशांवर असेल, तर एका रेडिएटरनेही पाणी ४५ अंशांवर राहते आणि काम भागते. मात्र विदर्भात एसी नसलेल्या खोलीत दुपारी ३८ अंश असतील, तर तेच पाणी ६१ अंशांवर पोहोचते. या लूपमध्ये सर्रास वापरला जाणारा डी५ पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही या तापमानाच्या आसपास धोक्याच्या हद्दीत येतात. त्या मऊ पडून फिटिंगमधून निसटू शकतात. दोन रेडिएटर असतील तर पाणी ५० अंशांवर थांबते. म्हणजे परदेशी व्हिडीओत चालणारी मांडणी इथे जशीच्या तशी उचलली, तर ती उन्हाळ्यात दगा देऊ शकते.

म्हणून नियोजन करताना खोलीचे सरासरी तापमान न धरता, पीसी ज्या वेळी चालणार त्या वेळचे वर्षातील सर्वाधिक तापमान धरावे. ते थर्मामीटर लावून प्रत्यक्ष मोजलेले असेल तर उत्तम.

एसी लावला तर प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो, पण एसीवर भार पडतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याच्या क्षमतेचा असतो. ७०० वॉटचा पीसी त्यातील पाचवा हिस्सा एकटा खातो. लहान बेडरूममध्ये हा फरक जाणवतो. रोज चार तास खेळ झाला, तर पीसीच महिन्याला ८० युनिटहून अधिक वीज वापरतो. एसीचे बिल वेगळे.

पाणी थेट चिलरने थंड करण्याचा मार्गही काही जण सुचवतात. दमट हवेत तो धोक्याचा आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना साधारण २६ अंशांवरच दव जमू लागते. म्हणजे पाणी त्याखाली गेले, की नळ्यांवर आणि मदरबोर्डवर थेंब जमू शकतात. कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात हा प्रयोग टाळलेलाच बरा.

कॅबिनेट आधी की भाग आधी?

आधी वॉटचा हिशोब, त्यावरून रेडिएटर आणि त्यावरून कॅबिनेट, असा क्रम हवा. अनेकांचा क्रम उलटा होतो. दिसायला आवडलेले कॅबिनेट आधी घेतले जाते आणि मग दुसरा रेडिएटर त्यात मावत नाही.

साधा पातळ रेडिएटर ३० मिलिमीटर जाडीचा असतो आणि पंखा २५ मिलिमीटरचा. म्हणजे ५५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला हे बसवताना मदरबोर्डवरील रॅम आणि हीटसिंक आडवे येतात का, हे मोजून पाहावे लागते. शिवाय रेडिएटरला ताजी हवा मिळायला जाळीची बाजू हवी. तिन्ही बाजूंनी काच असलेले कॅबिनेट सुंदर दिसते, पण हवा कोंडते.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचे की ग्राफिक्स कार्डाकडे, यावर बरीच चर्चा होते. प्रत्यक्षात मिनिटाला तीन-चार लिटर पाणी फिरत असेल, तर ७०० वॉट उष्णतेने ते एका फेरीत जेमतेम तीन अंशांनी तापते. त्यामुळे क्रम सोयीनुसार ठेवला तरी चालतो. एकच क्रम पाळायचा : टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी. कोरडा चाललेला पंप लवकर निकामी होतो.

सर्वाधिक चुका कुठे होतात?

पहिली चूक वॉटर ब्लॉकची. एकाच आरटीएक्स ५०९० चिपवर वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या मांडणीचे सर्किट बोर्ड बनवतात. एका मॉडेलचा ब्लॉक दुसऱ्याला बसत नाही. त्यामुळे ब्लॉक उपलब्ध आहे याची खात्री झाल्यावरच कार्ड घ्यावे.

दुसरी चूक धातूंची. तांबे, पितळ आणि निकेल एकत्र चालतात. त्याच लूपमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर किंवा फिटिंग आले, की पाण्यातून विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम गंजू लागते. स्वस्त रेडिएटर घेताना तो कशाचा आहे, हे विचारायलाच हवे.

तिसरी चूक पाण्याची. नळाचे पाणी चालत नाही. घरच्या आरओचे पाणीही नको, कारण त्यात क्षार शिल्लक असतात. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळ रोखणारे द्रव्य मिसळावे किंवा पीसीसाठीचे तयार कूलंट वापरावे. बॅटरीसाठी दुकानात मिळणाऱ्या पाण्याचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो. दुधासारखे दिसणारे अपारदर्शक रंगीत कूलंट फोटोत छान दिसते, पण कालांतराने त्यातील कण ब्लॉकच्या बारीक खाचांमध्ये साचतात.

नळ्यांबाबतही पहिल्यांदा लूप करणाऱ्याने हौसेला थोडा आवर घालावा. काळ्या रबरी ईपीडीएम नळ्या दिसायला साध्या असतात, पण त्या उष्णता सहन करतात, कात्रीने कापता येतात आणि चुकल्यास पुन्हा बसवता येतात.

गळती झाली तर?

ही भीती रास्त आहे. म्हणूनच पाणी भरल्यावर लगेच पीसी सुरू करायचा नसतो. आधी हातपंपाने लूपमध्ये हवेचा दाब भरून तो टिकतो का, हे पाहतात. मग पाणी भरून, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाला वीज न देता फक्त पंप चालवतात. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास, शक्यतो पूर्ण दिवस, निरीक्षण करतात. कागद ओला झाला, तर नुकसान कागदापुरतेच राहते.

लूपच्या सर्वांत खालच्या टोकाला पाणी सोडण्याची तोटी असावी. तिचा खर्च किरकोळ असतो. ती नसेल तर वर्षाने कूलंट बदलताना सगळा पीसी आडवा करावा लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर याचा आधीच विचार करावा. घर बदलताना भरलेला पीसी टेम्पोत टाकणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

वॉरंटीचे काय?

ग्राफिक्स कार्डाचा मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, याचे उत्तर कंपनीनुसार बदलते. दुकानदाराचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. कंपनीच्या भारतातील सेवा केंद्राकडून ईमेलवर उत्तर घ्यावे. मूळ कूलर, स्क्रू आणि खोके जपून ठेवावे. आरटीएक्स ५०९०ची भारतातील सुरुवातीची जाहीर किंमत २ लाख १४ हजार रुपये होती. एवढ्या रकमेच्या वस्तूवर हे पाच मिनिटांचे काम टाळण्यात शहाणपण नाही.

आणखी एक गैरसमज असा, की वॉटर कूलिंगमुळे वीजजोडणीही सुरक्षित होते. तसे नाही. आरटीएक्स ४०९०पासून १६ पिनांचा वीजकनेक्टर वितळल्याच्या घटना समोर आल्या आहेत आणि पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही. केबल पूर्ण आत बसली आहे ना, ती मुळाशी वाकलेली नाही ना, हे पाहावेच लागते. या कार्डासाठी एनव्हिडिया १००० वॉटचा एसएमपीएस सुचवते. घरातील साधा ६०० व्हीएचा यूपीएस अशा पीसीला पुरणार नाही.

एवढे करून फायदा किती?

खेळाच्या वेगात तो थोडाच असतो. तापमान कमी राहिल्याने कार्डाचा क्लॉक स्पीड किंचित वर टिकतो, पण फ्रेम रेटमधील फरक सहसा काही टक्क्यांचा असतो. खरा फायदा आवाजात आहे. मोठे रेडिएटर असतील, तर पंखे संथ फिरूनही काम होते. तासन्‌तास खेळणाऱ्याला किंवा रात्री व्हिडीओ रेंडर करणाऱ्याला हा फरक मोलाचा वाटतो. स्वतः जोडलेल्या यंत्राचे समाधान हाही हौशी लोकांसाठी छोटा लाभ नाही.

मात्र ब्लॉक, रेडिएटर, पंप, टाकी, फिटिंग आणि पंखे यांच्या एकत्रित खर्चात एक साधा गेमिंग पीसी उभा राहू शकतो. त्यात २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमतीही भडकल्या आहेत. बजेट ताणलेले असेल, तर तोच पैसा वरच्या श्रेणीचे कार्ड, चांगला एसएमपीएस किंवा फोर-के मॉनिटर यांवर लावला, तर खेळताना फरक अधिक दिसतो. त्यापेक्षा कमी वीज घेणाऱ्या कार्डांना तर चांगला एअर कूलर पुरतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खरेदीला निघण्याआधी कागदावर चार आकडे लिहावेत : कार्ड आणि प्रोसेसरचे एकूण वॉट, खोलीचे सर्वाधिक तापमान, कॅबिनेटमध्ये मावणारे रेडिएटर आणि त्यावरून येणारे पाण्याचे तापमान. शेवटचा आकडा ५० अंशांच्या आत राहिला, तर लूपचा विचार करता येतो. तो वर गेला, तर मोठे कॅबिनेट किंवा कमी वॉटचे कार्ड निवडावे. एसीचा पर्याय धरायचा असेल, तर तो प्रत्येक वेळी सुरू राहील का, हेही प्रामाणिकपणे ठरवावे.

त्यानंतरचा प्रश्न पैशांचा नाही, वेळेचा आहे. दर महिन्याला रेडिएटरची धूळ झटकणे, मधूनमधून फिटिंग तपासणे आणि वर्षातून एकदा कूलंट बदलणे ज्यांना जमणार आहे, त्यांनी हा मार्ग जरूर धरावा. ज्यांना पीसी सुरू करून फक्त खेळायचे आहे, त्यांच्यासाठी प्रोसेसरवर ‘ऑल-इन-वन’ कूलर आणि हवेने थंड होणारे कार्ड ही जोडी अधिक निर्धोक आहे.