आईला कोण सांगणार?

"आईला सांगू नका, तिला सोसवणार नाही." लहान मुलाला कर्करोग झाल्याचे निदान हाती आले की रुग्णालयाच्या व्हरांड्यात हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यात दया आहे अशी आपली समजूत. माझ्या मते ती दया नव्हे, सांगणाऱ्याची सोय आहे.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाण्याचे एखादे शेतकरी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. घरची बोली अहिराणी. शहरातले डॉक्टर चुलत्याला बाजूला घेऊन इंग्रजीमिश्रित हिंदीत दोन मिनिटे बोलतात, चुलता माघारी येऊन मायला एवढेच सांगतो, "रक्त कमी आहे." पुढचे ऐका. मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. औषधे लागू पडली तर साधारण महिन्याभरात रक्तातील रोगपेशी दिसेनाशा होतात, पोर खेळू लागते. उपचार मात्र दोन ते तीन वर्षे चालवावे लागतात, नाहीतर रोग उलटतो. रक्त भरून आले असे मानणाऱ्या मायने कपाशीची वेचणी टाकून हसत्या पोराला पुन्हा सुया टोचून घ्यायला का न्यावे? ती येत नाही, आणि आपण तिला अडाणी ठरवून मोकळे होतो! तिला जेवढे सांगितले, त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर होता.

श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्धवट सोडलेले उपचार हे त्यामागील एक मोठे कारण आहे. गरिबी आहेच. पण तिच्या आड किती दिवस लपायचे?

आजाराचे गांभीर्य वाढवूही नये, कमीही करू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतच म्हटले आहे. तेव्हा आईबापांना एकत्र बसवावे, रोगाचे नाव घ्यावे, "पोर महिन्यात बरे दिसेल, तरी थांबायचे नाही" हे त्यांच्या बोलीत सांगावे, कागदावर लिहून द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, काय समजले? पहिल्या दिवशी धक्क्याने कानात काही शिरत नाही. वेळ नाही ही सबब मला पटत नाही. अर्धवट उपचारांनंतर उलटलेल्या रोगाला याहून कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिका आहेत. डॉक्टर निघून गेल्यावर माय त्यांचाच पदर धरते. "डॉक्टरांना विचारा" म्हणून त्यांनी तिला परत पाठवू नये. हात धरून तिला डॉक्टरांसमोर बसवावे, आणि तिचे प्रश्न संपेपर्यंत शेजारून उठू नये.