पिल्लू घेण्यापूर्वीं

घाटंजींतील आमच्या एका स्नेह्यांनीं मुलाच्या हट्टास्तव मोबाईलवर छायाचित्र पाहून लॅब्राडोरचें पिल्लू ठरविलें. आगाऊ रक्कम जातांच तें नागपूरच्या विमानतळावर अडल्याचें कळविण्यांत आलें. मग विम्याचे पैसे, मग पिंजऱ्याचे! पिल्लू मुळांत नव्हतेंच.

सुशिक्षित मंडळी, म्हणून लाजेनें आठ दिवस गप्प राहिली. हीच खरी चूक. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास, पैसे पुढील खात्यांत जाण्यापूर्वीं गोठवितां येण्याचा संभव असतो.

वाचकांनीं आईजवळ पिल्लू प्रत्यक्ष पाहिल्यावांचून दमडीहि देऊं नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पैदास करणाऱ्यास राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, व आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकतां येत नाहीं. नोंदणीचा दाखला मागतांच ठक बहुधा फोन बंद करतो.