साधं का पॉवर? तुमच्या बाईकला नेमकं किती ऑक्टेन लागतं

पाचोऱ्यात पंपावर गाडी लावली की प्रश्न ठरलेला : "साधं का पॉवर?" ई20 पेट्रोल सगळीकडे आल्यापासून गावाकडच्या मित्रांचे मला मेसेज येतात, "ॲव्हरेज पडलंय, पॉवर टाकू का?" बहुतेक गाड्यांसाठी माझं उत्तर 'नको' असंच आहे. का ते बघू.

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही

इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगच्या ठिणगीने पेटतं. दाब आणि उष्णतेमुळे ते मध्येच स्वतःहून पेटलं, तर टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. पेट्रोल हे किती सहन करतं, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो.

चार्जरचं उदाहरण घ्या. फोन 18 वॅटचा असेल, तर 67 वॅटचा चार्जर लावूनही तो 18 वॅटच घेतो. गाडीचंही तसंच. क्लासिक 350 चा कम्प्रेशन रेशो 9.5 आहे, स्प्लेंडरचा साधारण 10. केटीएम 390 ड्यूकचा मात्र 12 च्या वर. जास्त ऑक्टेनचा खरा उपयोग अशा गाड्यांना.

साधं आता साधं राहिलं नाही

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार पूर्वी साध्या पेट्रोलचं ऑक्टेन 88 होतं, बीएस6 मध्ये 91 झालं आणि 20 टक्के इथेनॉलमुळे आता 95 वर गेलं. म्हणजे ज्या '95' साठी आपण जास्त पैसे मोजत होतो, तो आकडा साध्यातच आला. प्रीमियममध्ये उरतं ते मुख्यतः इंजिन साफ ठेवणारं ॲडिटिव्ह.

मग ॲव्हरेज का पडतं?

कारण ऑक्टेन वाढलं, पण ऊर्जा घटली. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई10 साठी ट्यून केलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज 3 ते 4 टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच होतं.

आता हिशोब करू. पाचोरा-जळगाव रोज जाऊन-येऊन 100 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस. ॲव्हरेज 60 वरून 58 झालं, तर दीडेक लिटर जास्त, म्हणजे साधारण दीडशे रुपये. तेच प्रीमियम लिटरला 7 रुपयांनी महाग धरलं, तर 43 लिटरचे 300 रुपये जास्त. दीडशेचा खड्डा बुजवायला तीनशे, आणि ऊर्जा कमीच असल्याने खड्डा तसाच!

तुमच्या गाडीसाठी

- एप्रिल 2023 नंतरची गाडी : साधं ई20 टाका. मॅन्युअल किंवा टाकीवरचं स्टिकर एकदा बघा.
- जुनी कार्ब्युरेटरची गाडी : इथे काळजी ऑक्टेनची नाही, रबराची आहे. पेट्रोलची नळी, सील तपासून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.
- हाय-कम्प्रेशन गाडी : मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडा पाळा. चढावर टकटक होत असेल, तरच वरचं ऑक्टेन.

खरा प्रश्न किमतीचा

इथेनॉलमुळे आपल्याकडच्या मक्याला मागणी आली, हा फायदा खराच. पण ई20 ग्राहकाला स्वस्त मिळावं यासाठी कर सवलत द्या, असं नीती आयोगाने सुचवलं होतं. आता मंत्रालय म्हणतं की इथेनॉलच पेट्रोलपेक्षा महाग पडतं. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली. म्हणजे ऊर्जा कमी, पैसे तेवढेच, आणि रोजच्या पंपावर पर्याय नाही.

निदान प्रत्येक मशीनवर इथेनॉलची टक्केवारी आणि ऑक्टेन मराठीत, ठळक लिहिलेलं असावं. फोन घेताना आपण प्रोसेसरपासून बॅटरीपर्यंत सगळं वाचतो. पेट्रोल तर दर आठवड्याला घेतो.