नळाच्या पाण्याची तपासणी नळावरच व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय

विषय : पिण्याच्या पाण्याचे नमुने ग्राहकाच्या तोटीवर घेऊन अहवाल जाहीर करणे व गटारातून गेलेल्या नळजोडण्या बदलणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे आपल्या नगरपरिषदेचे नळजोडणीधारक आहोत आणि पाणीपट्टी नियमित भरतो. नळाला सुरुवातीला गढूळ आणि वासाचे पाणी येते, अशी तक्रार आम्ही यापूर्वी लेखी दिली होती. उत्तर म्हणून जलशुद्धीकरण केंद्रातील तपासणीची प्रत मिळाली. तिच्यात गढूळपणा, सामू, क्लोरिन सगळे मर्यादेत आहे. त्या आकड्यांवर आमचा आक्षेप नाही. पण ते केंद्रातून निघालेल्या पाण्याचे आहेत. केंद्र आणि आमची तोटी यांच्या मध्ये जुनी वाहिनी आहे, जलकुंभ आहे, गळके वॉल्व्ह आहेत आणि उघड्या गटारातून नेलेल्या गंजक्या अर्ध्या इंची जोडण्या आहेत. आमची तक्रार या मधल्या टप्प्याची आहे आणि तिला अजून उत्तर मिळालेले नाही.

पाणी दिवसाआड येते, तेही जेमतेम पाऊण तास. बाकीचा सगळा वेळ वाहिनीत दाब नसतो. पाणी सुटल्यावर ज्या फटीतून ते बाहेर गळते, त्याच फटीतून दाब ओसरल्यावर बाहेरचे पाणी आत शिरते. शेजारी ड्रेनेजचा चेंबर तुंबला असेल तर मैलाच शिरतो. त्यात पाणी सुटताच नळाला थेट मोटर जोडणारे आहेत. मोटरच्या ओढीने शेजाऱ्याचे पाणी तर जातेच, शिवाय फुटक्या सांध्यांतून घाणही आत ओढली जाते. वॉल्व्ह फिरवणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. पहिले पाणी सोडून द्या, असे तेच आम्हाला सांगतात. टंचाईच्या गावात दिवसाआड येणारे पाणी आधी मोरीत सोडायचे, हा सल्ला कोणाला परवडतो, हे आपणच ठरवावे.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस 10500 (2012) याबाबत स्पष्ट आहे. 100 मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. मोकळा अवशिष्ट क्लोरिन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान 0.5. हा क्लोरिन ग्राहकाच्या टोकाला मोजायचा, असे त्याच मानकात नमूद आहे. म्हणजे केंद्रावरचा आकडा दाखवून तोटीवरची जबाबदारी संपत नाही.

खेड्यांत याहून बरी पद्धत आहे, हे सांगताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. तिथे जलसुरक्षक ओ.टी. चाचणी करतो, पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरिन आहे, एवढे त्या गावच्या शाळकरी पोरांनाही कळते. आमच्या शहरात फिल्टर प्लांट आहे, पण आपल्या गल्लीतले पाणी आज कसे आहे, हे कळण्याची सोय नाही.

ही काळजी अनाठायी नाही. 2012 साली इचलकरंजीत हेपॅटायटिस ई या काविळीची साथ आली होती. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गिलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. तिथल्या काही खासगी आरओ प्रकल्पांनाही महापालिकेने टाळे ठोकले.

त्यामुळे नळ नको तर जार घ्या, ही पळवाट आम्हाला मान्य नाही. दारोदार येणारे शुद्धीकरण यंत्रांचे विक्रेते टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात आणि लोक त्यावर विसंबतात. ते मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार हा खरा प्रश्न आहे. आमचे पाणी धरणाचे. त्यात मैला मिसळला तरी टीडीएसचा आकडा साजरा दिसेल. ज्या घरात यंत्र घेण्याची ऐपत नाही, ते घर तर तसेही याच नळावर आहे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी, की प्रत्येक जलकुंभाच्या वितरण क्षेत्रातील शेवटच्या टोकाच्या घरांतून नमुने घ्यावेत. पाणी सुटल्या सुटल्या एक आणि वाहिनी धुऊन निघाल्यावर एक, असे दोन. जिवाणू तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा आणि बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावे. ते नसेल तर प्रयोगशाळेत जाईपर्यंत क्लोरिन बाटलीतच काम करत राहतो आणि दूषित नमुनाही चांगला ठरतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा. घेताना प्रभागातील दोन नागरिकांना हजर राहू द्यावे आणि पंचनाम्यावर त्यांची सही घ्यावी.

अहवाल आला की तो जलकुंभनिहाय, मराठीत, कार्यालयाच्या फलकावर आणि रेशन दुकानांवर लावावा. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 प्रमाणे ही माहिती आपणहून द्यायची आहे. तिच्यासाठी अर्ज करायला लावू नये. नमुना दूषित निघाला तर त्याच दिवशी ध्वनिक्षेपकावरून पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी, टँकरने पाणी पुरवावे आणि त्या टँकरचाही क्लोरिन तपासावा.

गटारातून, नाल्यातून आणि चेंबरला लागून गेलेल्या जोडण्यांची यादी वॉल्व्हमन आणि आशा सेविकांच्या मदतीने करता येईल. या जोडण्या मृग निघण्याआधी गटाराच्या वरून घ्याव्यात. खर्च नळधारकावर टाकायचा असेल तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वगळावे. थेट मोटर लावणाऱ्यांवर कारवाई करावी. त्यात या निवेदनावर सही करणारा कोणी सापडला तरी आमची हरकत राहणार नाही. जलकुंभ धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवावी. जारविक्रेत्यांच्या पाण्याची तपासणी संबंधित यंत्रणांकडून करून घ्यावी.

चोवीस तास पाणी मिळावे, ही मागणी आम्ही आज करत नाही. कराडजवळच्या मलकापूरने ते करून दाखवले, हे आम्हाला माहीत आहे. पण त्या योजनेच्या नावाखाली वरची कामे लांबणीवर पडू नयेत.

पाणीपुरवठा अभियंत्यांसह बैठकीची तारीख आठ दिवसांत लेखी कळवावी आणि पहिले नमुने कोणत्या गल्लीतून घेणार, हेही त्याच पत्रात नमूद करावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
प्रभागातील नळजोडणीधारक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी
जिल्हा आरोग्य अधिकारी